जुन्या ओम्नीचे धुक्यातले दिवे
मारुती ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. तरी उत्तरेकडच्या हिवाळी धुक्यात जुन्या ओम्नीला फॉग लॅम्प हवेसे वाटतातच. ५५ वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर करंट ओढतात. हा भार थेट डॅशबोर्डवरच्या बटणातून नेला, तर बारीक वायर तापून आवरण वितळते. आणि आत सगळे कुटुंब बसलेले! म्हणून मध्ये रिले हवाच. मग बटण फक्त रिलेला इशारा देते. बॅटरीजवळ १५ अँपिअरचा फ्यूजही घालावा. ‘चालतं हो, डायरेक्ट जोडू’ म्हणणाऱ्या इलेक्ट्रिशियनचे मुळीच ऐकू नये. दोन्ही दिवे मिणमिणत असतील, तर बल्ब बदलण्याआधी अर्थिंग पाहावे. पत्र्यावरचा गंज घासून वायर पुन्हा घट्ट आवळली, की बहुधा उजेड परततो.