विश्लेषण : नव्या सागरी फिशटँकमधील दगडांवर अचानक काय उगवते? ते खरवडणे धोक्याचे का ठरू शकते?

खाऱ्या पाण्याचा फिशटँक सुरू करून दोन-तीन आठवडे झाले की स्वच्छ दगडांवर तपकिरी थर, लालसर साय, हिरवे तंतू किंवा चक्क हलणारी ‘फुले’ दिसू लागतात. अनेक जण लगेच ब्रश हाती घेतात. काही जण दगड बाहेर काढून उकळत्या पाण्यात टाकतात. यातील बहुतेक वाढ तात्पुरती व निरुपद्रवी असते. मात्र एका प्रकारात ब्रश आणि उकळते पाणी, दोन्ही घरातील माणसांच्या जिवावर बेतू शकतात. म्हणूनच काढण्याआधी ओळखणे महत्त्वाचे.

ही वाढ येते कुठून?

सागरी टाकीत दोन प्रकारचे दगड वापरतात. एक ‘लाइव्ह रॉक’, म्हणजे समुद्रातून किंवा चालू टाकीतून आलेला, जिवाणू व सूक्ष्मजीवांनी भरलेला सच्छिद्र दगड. दुसरा कोरडा दगड. लाइव्ह रॉकच्या खाचांमध्ये शेवाळाचे बीजाणू, स्पंज, किडे, समुद्रफुलांची पिल्ले दडलेली असतात. प्रवास आणि नव्या पाण्याचा धक्का ओसरला की ती डोके वर काढतात. कोरड्या दगडांच्या टाकीतही मासा, शंख किंवा प्रवाळाच्या तुकड्यासोबत हे पाहुणे येतात.

शिवाय नवी टाकी अस्थिर असते. माशांची विष्ठा व उरलेले अन्न कुजून अमोनिया तयार होतो. एका गटाचे जिवाणू त्याचे नायट्राइट आणि दुसऱ्या गटाचे जिवाणू पुढे नायट्रेट करतात. ही साखळी बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर रिकाम्या दगडावर जो आधी पोहोचतो, तो पसरतो.

तपकिरी थर म्हणजे टाकी बिघडली का?

नाही. सर्वांत आधी दिसणारी तपकिरी, पिठासारखी भुकटी बहुधा डायटमची असते. या एकपेशीय शेवाळाचे कवच सिलिकाचे असते. नळाच्या पाण्यातून आलेल्या सिलिकेटवर ते वाढते. बोट फिरवले तरी ते धुरासारखे उडते. सिलिकेट संपले की काही आठवड्यांत डायटमही ओसरतात. मीठ कालवण्यासाठी आरओ-डीआय यंत्राचे पाणी वापरले तर त्रास कमी होतो.

त्यानंतर हिरवे, केसांसारखे शेवाळ येते. नायट्रेट व फॉस्फेट जास्त आणि दिवा बराच वेळ चालू असल्याची ही खूण. खाद्य कमी करणे, ठरावीक दिवसांनी पाणी बदलणे आणि शेवाळ खाणारे शंख सोडणे, हे त्यावरचे उपाय. हिरव्या काचमण्यांसारखे चमकदार फुगे दिसले तर ते ‘बबल अल्गी’. ते टाकीत न फोडता अख्खे उचलावेत.

लाल साय आणि बुडबुड्यांचे धागे यांत फरक काय?

लाल किंवा जांभळट, मखमली चादर अख्खी सोलून निघत असेल आणि तिला उग्र वास येत असेल, तर ते सायनोबॅक्टेरिया. दिसायला शेवाळ, पण प्रत्यक्षात जिवाणू. पाण्याचा प्रवाह कमी असलेल्या कोपऱ्यात ते जास्त पसरतात. अशा वेळी पंपाची दिशा बदलणे आणि चादर नळीने ओढून घेणे पुरेसे ठरते. घाईने अँटिबायोटिक टाकल्यास उपयोगी जिवाणूंनाही फटका बसून अमोनिया वाढू शकतो.

तपकिरी, शेंबडासारखे धागे आणि त्यांच्या टोकाला हवेचे बुडबुडे असतील, तर डायनोफ्लॅजेलेटचा संशय घ्यावा. दिवा बंद असताना थर विरळ होतो आणि दिवसभरात पुन्हा दाट होतो. पाण्यातले नायट्रेट आणि फॉस्फेट जवळजवळ शून्यावर आले की हे जीव अनेकदा माजतात. म्हणजे इथे ‘आणखी स्वच्छता’ उलटी पडते. त्यांच्या काही जाती शंखांना मारतात. ओळखण्यासाठी नमुना बाटलीत हलवून कॉफीच्या फिल्टरमधून गाळतात आणि गाळलेले पाणी उजेडात ठेवतात. तासाभरात पुन्हा धागे जमले तर डायनोफ्लॅजेलेट असण्याची शक्यता मोठी. सूक्ष्मदर्शकाखाली खात्री होते.

गुलाबी डाग व पांढऱ्या नळ्यांचे काय?

नखाने न निघणारे गुलाबी-जांभळे कठीण डाग कोरलाइन शेवाळाचे असतात. पाण्यातील कॅल्शियम वापरून ते दगडावर चुन्याचा थर चढवते. ते येणे हे टाकी स्थिरावल्याचे लक्षण मानतात. गोगलगायीसारख्या वळणाच्या बारीक पांढऱ्या नळ्या पाणी गाळून खाणाऱ्या किड्यांच्या असतात. दिव्यापासून दूर सावलीत वाढणारे छोटे पांढरे गोळे बहुधा स्पंज असतात. दोन्ही निरुपद्रवी. त्यांना हात न लावणे उत्तम.

हलणारी ‘फुले’ कोणती?

येथे मात्र नीट पाहावे लागते. एकटे, पारदर्शक तपकिरी, लांब निमुळत्या शुंडकांचे आणि स्पर्श होताच छिद्रात शिरणारे समुद्रफूल म्हणजे एप्टेशिया. ते शेजारच्या प्रवाळाला डंख मारते. ओरबाडले तर उरलेल्या लहानशा तुकड्यातूनही नवे उगवते. पेपरमिंट कोळंबी आणि बर्गिया नावाची समुद्री गोगलगाय त्याला खातात.

याउलट बटणासारख्या चपट्या चकत्या, कडेला आखूड शुंडकांची झालर आणि अनेक चकत्या एकमेकींना चिकटून झालेला गालिचा, असे दिसले तर ते झोअँथिड. पॅलिथोआ ही त्यातलीच एक प्रजाती. रंगीत झोअँथिड हौशी मंडळी विकतही घेतात. खरा धोका आहे तो इथेच.

धोका नेमका कशाचा?

पॅलिथोआ व काही झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन हे अत्यंत तीव्र विष असते. हवाई बेटांवरील पॅलिथोआपासून ते वेगळे काढल्याचे १९७१ मध्ये जाहीर झाले. आपल्या पेशींच्या आवरणात सोडियम आणि पोटॅशियमची ने-आण करणारा पंप असतो. हे विष त्या पंपालाच उघडे भोक बनवते. त्यामुळे स्नायू, हृदय, फुप्फुसे यांवर परिणाम होतो. त्यावर नेमका उतारा नाही. डॉक्टर लक्षणांनुसार उपचार करतात.

उकळल्याने हे विष नष्ट होत नाही. उलट वाफेच्या तुषारांसोबत ते घरभर पसरते. टाकीबाहेर ब्रशने जोरात घासल्यानेही कण हवेत उडतात. खोकला, धाप, ताप, थंडी, तोंडाला धातूसारखी चव, स्नायुदुखी ही लक्षणे दिसतात. चिळकांडी डोळ्यांत गेल्यास बुबुळाला इजा होते.

ही भीती कागदावरची नाही. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने अलास्कातील २०१२ ते २०१४ मधील अशा संशयित विषबाधांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात घरे आणि मत्स्यालयाची दुकाने, दोन्ही ठिकाणच्या घटना होत्या. इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायरमध्ये २०१८ साली टाकीतील दगड घासल्यानंतर एका कुटुंबातील सहा जण आणि मदतीला आलेले चार अग्निशमन कर्मचारी यांना रुग्णालयात न्यावे लागले.

मग काय करावे?

अनोळखी वाढ दिसली की आधी पांढऱ्या उजेडात जवळून फोटो घ्यावा आणि काही दिवस वाढ कशी होते ते पाहावे. रंग, मऊ की कठीण, स्पर्शाने आक्रसते का, रात्री बदलते का, या चार प्रश्नांत बहुतेक ओळख पटते. झोअँथिडचा संशय असेल तर दगड उकळू नये, मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये, कोरडा करून घासू नये. हाताळणे अटळ असेल तर हातमोजे व चष्मा घालावा, दगड पाण्याखालीच ठेवावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि मुले व पाळीव प्राण्यांना दूर ठेवावे. हातावर जखम असेल तर काम पुढे ढकलावे. त्रास सुरू झाल्यास मोकळ्या हवेत येऊन रुग्णालय गाठावे आणि डॉक्टरांना ‘पॅलिटॉक्सिन’ हा शब्द आवर्जून सांगावा. नाहीतर साध्या फ्लूवर उपचार होण्याची शक्यता असते.

किनाऱ्यावरचा दगड आणला तर?

मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यांवर ओहोटीच्या वेळी झोअँथिडचे गालिचे उघडे पडतात. असा दगड उचलून घरी आणणे म्हणजे अनोळखी जीव घरात आणणे. मालवणसह कोकण किनाऱ्यावर प्रवाळही आहेत. दगडी प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. ते तोडणे वा बाळगणे गुन्हा ठरतो. टाकीसाठी कोरडा किंवा कृत्रिम दगड घेतल्यास कायद्याची आणि अनोळखी पाहुण्यांची, दोन्ही काळजी बरीच कमी होते.