लघुमोटारींच्या रंगातील दोष व त्यांचे निवारण

मोटारीची लहान प्रतिकृती तयार करताना तिची लांबी, रुंदी, चाके व दिवे ही सर्व एकाच प्रमाणात लहान करता येतात. रंगाचा थर मात्र तसा लहान होत नाही. खऱ्या मोटारीवरील रंगाच्या सर्व थरांची मिळून जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर असते. १:२४ या प्रमाणातील प्रतिकृतीवर तेवढाच थर बसला, तर तो खऱ्या मोटारीला २.४ मिलिमीटर जाडीचा लेप दिल्यासारखा होतो. दार आणि शेजारचा पत्रा यांमधील सुमारे ५ मिलिमीटरांची फट प्रतिकृतीत जेमतेम ०.२ मिलिमीटर उरते. तिच्या दोन्ही कडांवर ०.१ मिलिमीटर रंग चढताच ती बुजून जाते. मोठ्या वस्तूवर नजरेत न भरणारी चूक येथे साऱ्या कामाचा विचका करते, त्याचे कारण हेच.

रंगाचा ओघळ दिसताच तो बोटाने किंवा फडक्याने पुसण्याचा मोह होतो. तसे केल्यास ओघळाच्या जागी बोटाचा ठसा व फडक्याचे तंतू राहतात आणि लहान दोषाचा मोठा होतो. एनॅमल रंग वरून सुकलेला दिसला, तरी आतून पुरता कठीण होण्यास कित्येक दिवस लागतात. तोवर प्रतिकृती धूळ बसणार नाही अशा जागी झाकून ठेवणे, हा दुरुस्तीचा पहिला भाग होय.

थर कठीण झाल्यावर धुळीचे कण, ओघळ आणि संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा हे दोष घासून काढता येतात. त्यासाठी पाण्यात वापरावयाचा १५०० ते २००० क्रमांकाचा पॉलिश पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवावा आणि शेवटी पॉलिशने चकाकी आणावी. उंचवट्यांच्या कडा मात्र टाळाव्यात. ओला रंग कडांवरून मागे सरकत असल्याने तेथील थर सर्वांत पातळ असतो आणि थोड्याशा घर्षणानेही खालचे प्लॅस्टिक उघडे पडते. चंदेरी झाक असलेल्या रंगावर पॉलिश पेपर थेट चालवू नये; त्यातील धातूचे सूक्ष्म पापुद्रे खरवडले जाऊन डाग पडतात. असा दोष किरकोळ असल्यास वर पारदर्शक वार्निशाचे थर द्यावेत आणि केवळ तेच घासून सपाट करावेत.

लॅकर रंगावर कधीकधी दुधाळ धुरकटपणा येतो. त्याचे मूळ हवेत असते. थिनर झपाट्याने उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो आणि दमट हवेतील बाष्प ओल्या रंगावर साचते. पावसाळ्यात मुंबई किंवा कोलकाता यांसारख्या शहरांत हा अनुभव सहज येऊ शकतो. कोरड्या दिवशी सावकाश उडणाऱ्या थिनरचा अगदी पातळ फवारा दिल्यास पुष्कळदा ही छटा नाहीशी होते.

सुरकुत्यांवर मात्र असा सोपा उपाय नाही. अर्धवट सुकलेल्या एनॅमलवर दुसरा थर दिला किंवा एनॅमलवर लॅकर मारले, की खालचा थर फुगून आकसतो. अशा वेळी सर्व रंग काढून नव्याने सुरुवात करावी लागते आणि खरा धोका येथेच असतो. प्रतिकृतीचे सांगाडे बहुधा पॉलिस्टायरीनचे असतात. ॲसिटोन, ॲसिटोनयुक्त नेलपॉलिश रिमूव्हर किंवा लॅकरचे तीव्र थिनर यांमुळे रंगाबरोबर हे प्लॅस्टिकही विरघळते. अनेक ॲक्रिलिक रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवल्यास सुटतात. परंतु कोणताही द्रव प्रथम सुटे भाग ज्या चौकटीला जोडलेले असतात तिच्या तुकड्यावर वापरून पाहावा. हे काम हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून आणि विस्तवापासून दूर करावे.

रंग निघाल्यावर सांगाडा साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा, कारण बोटांचा तेलकटपणा राहिल्यास नवा रंग धरत नाही. त्यानंतर अस्तराचा पातळ थर आणि त्यावर रंगाचे दोन-तीन विरळ थर, प्रत्येक थराला सुकण्यास पुरेसा अवधी देऊन, चढवावेत. बिघडलेला रंग असा कितीही वेळा पुन्हा देता येतो. विरघळलेल्या प्लॅस्टिकवरील दाराची रेघ मात्र पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.