माऊसला रजा, बोटांना काम

प्रोग्राम लिहिणाऱ्याचा बराचसा वेळ नवे लिहिण्यापेक्षा आधीचे लिखाण वाचण्यात आणि दुरुस्त करण्यात जातो. प्रत्येक दुरुस्तीसाठी हात कीबोर्डवरून उचलून माऊसकडे न्यायचा, शब्द निवडायचा आणि पुन्हा कीबोर्डवर यायचे, ही ये-जा दिवसभर चालते. ती टाळण्यासाठी अनेक प्रोग्रामर 'व्हिम' या एडिटरकडे वळतात. मात्र पहिल्याच दिवशी त्यांना एक प्रश्न पडतो. बाणांच्या कळा असताना कर्सर हलविण्यासाठी एच, जे, के, एल ही अक्षरे कशासाठी?

याचे उत्तर १९७६ सालात आहे. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकत असताना बिल जॉय यांनी 'व्हीआय' हा एडिटर लिहिला, तो 'एडीएम-३ए' या टर्मिनलवर. त्यावर बाणांच्या स्वतंत्र कळा नव्हत्या. बाण याच चार अक्षरांच्या कळांवर छापलेले होते. घरून जोडणी होती ३०० बॉडच्या मोडेमची, म्हणजे सेकंदाला जेमतेम ३० अक्षरे. ८० अक्षरांच्या २४ ओळींचा पडदा नव्याने भरायचा तर मिनिटाहून अधिक काळ लागणार! अशा वेळी आज्ञा जितकी तोकडी तितकी बरी.

म्हणूनच येथे लिहिण्याची आणि आज्ञा देण्याची अवस्था वेगवेगळी असते. आज्ञेच्या अवस्थेत 'डी' म्हणजे खोडा, 'डब्ल्यू' म्हणजे शब्द. दोन्ही लागोपाठ दाबले की शब्द खोडला जातो. क्रियापद आणि कर्म यांच्यासारखीच ही जोडणी असल्याने थोड्या अक्षरांतून पुष्कळ आज्ञा तयार होतात. नेदरलँड्सचे ब्राम मूलेनार यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'व्हिम'ने हेच व्याकरण पुढे नेले. (एडिटर आवडल्यास युगांडातील मुलांसाठी देणगी द्या, असे आवाहन ते करीत. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.)

अडचण आहे ती एस्केपची. लिहिण्यातून आज्ञेत परतण्यासाठी ही कळ सतत लागते. जॉय यांच्या टर्मिनलवर ती 'क्यू'च्या शेजारी, आज टॅब असते त्या जागी होती. आता ती वरच्या कोपऱ्यात गेली आहे. त्यामुळे एडिटर आपल्या सोयीचा करताना पहिले काम हेच करावे. क्वचितच वापरले जाणारे कॅप्स लॉक संगणकाच्या सेटिंगमधून एस्केप करून घ्यावे. किंवा 'व्हिमआरसी' या साध्या मजकुराच्या फाईलीत एक ओळ लिहून 'जेके' ही अक्षरे लागोपाठ दाबली की एस्केप, असे ठरवावे. इंग्रजी शब्दांत ही जोडी सहसा येत नाही.

दुसऱ्या कुणाची शेकडो ओळींची तयार फाईल उचलून आणण्याचा मोह मात्र टाळावा. त्यात बिघाड झाला तर कोणती ओळ काय करते हेच उमगत नाही. आठवडाभर काम करावे, जी कृती वारंवार करावी लागते तिलाच कळ द्यावी. 'व्हीएस कोड' वापरणाऱ्यांना तो सोडण्याचीही गरज नाही. व्हिमच्या कळा देणारी जोडणी त्यातही बसविता येते. मनगट आधीच दुखत असेल तर मात्र कळांच्या अदलाबदलीवर विसंबू नये, डॉक्टरांना दाखवावे.

मराठी लिहिणाऱ्यांपुढे आणखी एक पेच असतो. इनस्क्रिप्ट चालू असताना आज्ञेच्या अवस्थेत 'जे' दाबले की व्हिमला 'र' मिळतो, 'डी' दाबले की हलन्त. आणि आज्ञा वाया जाते. यावर 'कीमॅप' ही सोय आहे. संगणकाचा कीबोर्ड इंग्रजीच ठेवायचा आणि कोणत्या कळेला कोणते देवनागरी अक्षर, ही जुळणी व्हिमच्याच फाईलीत लिहायची. मग लिहिताना देवनागरी उमटते आणि एस्केप दाबताच कळा आपोआप इंग्रजी होतात. लिहिता लिहिता मध्येच इंग्रजी शब्द हवा असेल तर कंट्रोल आणि ६ एकत्र दाबायचे. पुन्हा मराठीत येण्यासाठीही तेच.