जुन्या चित्रफिती आणि घरचा संगणक

अनेक घरांच्या कपाटांत लग्नाची, मुंजीची, आजीच्या पंचाहत्तरीची व्हीएचएस कॅसेट आजही जपून ठेवलेली असते. परंतु चुंबकीय फीत काळाच्या ओघात क्षीण होते आणि दमट हवेत तिला बुरशी धरते. जपानमधील फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबविले. त्यामुळे चालू स्थितीतील यंत्रे दुर्मीळ होत चालली आहेत. या फिती वेळीच संगणकावर उतरवून घेणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

हे काम घाईने होत नाही. तीन तासांची कॅसेट उतरविण्यास तीन तासच लागतात, आणि त्या काळात प्रोसेसर थकला तर मधल्या फ्रेम गळतात. चित्र अडखळते, आवाज पुढेमागे होतो. जीर्ण फीत पुन्हा नीट चालेलच, याची शाश्वती नसते.

प्रोसेसरवर एवढा भार का पडतो? आपल्याकडील पाल पद्धतीत दर सेकंदाला २५ चित्रे असतात व प्रत्येक चित्र ७२० बाय ५७६ बिंदूंचे असते. कॉम्प्रेशन न करता साठविल्यास सेकंदाला सुमारे २० मेगाबाइट, म्हणजे तासाला ७० गिगाबाइटहून अधिक जागा लागते. हा प्रवाह थांबू न देता लहान करण्याचे काम प्रोसेसरला करावे लागते.

हा भार पुढील उपायांनी हलका करता येतो. शक्य असल्यास कॉम्प्रेशनची स्वतंत्र चिप असलेले कॅप्चर उपकरण घ्यावे. इंटेलच्या अनेक प्रोसेसरमध्ये २०११ पासून ‘क्विक सिंक’ ही सोय आहे. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये ती निवडावी. ती नसल्यास प्रथम ‘हफवाययूव्ही’सारख्या हलक्या पद्धतीने ध्वनिमुद्रणासह चित्रण साठवावे व अंतिम कॉम्प्रेशन रात्री सवडीने करावे. चित्राचा आकार मूळचाच ठेवावा. तो १९२० बाय १०८० केल्यास बिंदू पाचपट होतात, पण मूळ फितीत नसलेला तपशील काही येत नाही. चित्रण चालू असताना ब्राउझर बंद ठेवावा आणि अँटिव्हायरसची नियोजित तपासणी अन्य वेळी लावावी. कमी महत्त्वाच्या कॅसेटवर दहा मिनिटांची चाचणी घेऊन गळालेल्या फ्रेमची संख्या पाहावी. ती शून्य असेल, तरच लग्नाची कॅसेट यंत्रात घालावी.

चित्रफीत पाहतानाही हेच तत्त्व लागू पडते. एच.२६४ हे स्वरूप बहुतेक संगणकांतील ग्राफिक्स चिपच उलगडते. एच.२६५ हे २०१३ मधील व एव्ही१ हे २०१८ मधील स्वरूप. जुन्या चिपना ते अवगत नसल्याने सारा भार प्रोसेसरवर येतो आणि पंखा घरघरू लागतो. व्हीएलसीमध्ये हार्डवेअर डिकोडिंग चालू आहे ना, हे पाहावे. नातेवाइकांना देण्याची प्रत एच.२६४ मध्येच ठेवणे श्रेयस्कर.

काम पूर्ण झाल्यावर दोन प्रती कराव्यात. एक घरी, तर दुसरी बाह्य डिस्कवर अन्यत्र. दागिन्यांशेजारी लॉकरमध्ये ठेवली तरी वावगे नाही. मात्र वर्षातून एकदा ती डिस्क काढून चालवून पाहावी. आजीचा आवाज पुढच्या पिढीला ऐकता यावा, यासाठी एवढी तसदी खचितच घेण्याजोगी आहे.