छत्री, तार आणि घराचा जमाखर्च

घरखर्चाच्या वहीत काही रकमा अशा असतात की, त्या मोठ्या नसल्यामुळेच कोणाच्या नजरेस येत नाहीत. किराणा, दूध, शाळेची फी यांचा विचार घरोघरी होतो. परंतु केबलचे मासिक पैसे देताना 'या पैशांत आपण नेमके काय घेतले?' असा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. महिन्याला ३५० रुपये धरले, तर वर्षाचे ४,२०० होतात. हा आकडा आम्ही केवळ हिशेबासाठी घेतला आहे. वाचकांनी आपल्या घरची पावती पाहून तो बदलावा. केबलवाचून दूरदर्शनसंच चालू शकतो काय, आणि चालल्यास पैसे खरोखर वाचतात काय, याचा विचार उज्जैनच्या रामघाटावरील एखादे मराठी घर डोळ्यांसमोर ठेवून करू.

प्रथम थोडा इतिहास पाहावयास हवा. भारतात दूरदर्शनचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीस सुरू झाले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी उघडले. त्या काळी घराच्या कौलांवर आडव्या दांड्यांचा अँटेना उभा असे. यागी आणि उदा या जपानी शास्त्रज्ञांनी १९२६ च्या सुमारास शोधलेल्या रचनेचेच ते रूप. मनोऱ्यावरून निघालेल्या लहरी सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला अथवा अंतर फार वाढले की चित्र धूसर होते. पुढे केबलची तार आली. तिने चित्र स्वच्छ दिले, वाहिन्याही पुष्कळ दिल्या. मात्र फुकट पाहण्याची वस्तू मासिक भाड्याची झाली.

इंग्लंड-अमेरिकेत आजही छपरावरच्या अँटेनाने अनेक वाहिन्या विनामूल्य दिसतात. तेथे केबल सोडणारी कुटुंबे पुन्हा त्याच अँटेनाकडे वळतात. आपल्याकडे तसे होणे नाही. दूरदर्शनने आपले जमिनीवरील जुन्या पद्धतीचे बहुतेक सर्व प्रक्षेपक २०२२ च्या मार्चअखेर, मोजकी ठिकाणे वगळता, बंद केले. म्हणून माळ्यावरचा जुना अँटेना शोधीत बसण्यात अर्थ नाही. त्याची जागा आता लहान तबकडीने, म्हणजे लोक जिला 'छत्री' म्हणतात तिने, घेतली आहे.

डिसेंबर २००४ मध्ये प्रसार भारतीने 'डीडी डायरेक्ट प्लस' नावाची सेवा सुरू केली. तीच आज 'डीडी फ्री डिश' म्हणून ओळखली जाते. तिला मासिक वर्गणी नाही. छत्री, तिच्यापुढे बसविलेला एलएनबी नावाचा ग्राहक, तार आणि सेट-टॉप बॉक्स एवढे साहित्य एकदा घेतले की झाले. बॉक्स मात्र एमपीईजी-४ जातीचा घ्यावा, कारण जुन्या जातीच्या बॉक्सवर काही वाहिन्या उमटत नाहीत.

आता या छत्रीचे तोंड कोठे करावयाचे? येथे उज्जैनकरांस अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे. प्राचीन भारतीय ज्योतिषात शून्य रेखांश उज्जयिनीवरूनच मोजीत. सवाई जयसिंहाची वेधशाळा या नगरीत उभी राहिली ती उगीच नव्हे. हल्लीच्या मोजणीप्रमाणे उज्जैन ७५.८ अंश पूर्व रेखांशावर आहे. फ्री डिशच्या वाहिन्या ज्या जीसॅट-१५ उपग्रहावरून येतात, तो नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडण्यात आला आणि ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आहे. पृथ्वीच्या फिरण्याशी त्याची गती जुळलेली असल्यामुळे तो आपणांस आकाशात एका जागी स्थिर असल्यासारखा भासतो. तेव्हा तो आपल्या रेषेच्या १७.७ अंश पूर्वेस झाला. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. तरीही त्रिकोणमितीच्या आधारे गणित मांडले तर उत्तर मिळते ते असे: उज्जैनहून हा उपग्रह आग्नेयेस, किंचित दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून सुमारे ५६ अंश उंचीवर आहे.

रामघाट क्षिप्रेच्या पूर्व तीरावर आहे. साहजिकच तेथील घरांस मोकळे आकाश मिळते ते नदीच्या बाजूस, म्हणजे पश्चिमेस. आणि उपग्रह तर पाठीमागे, आग्नेयेस! घाटाकडच्या सज्जात छत्री लावून काही उपयोग नाही; ती गच्चीवरच न्यावी लागते. ५६ अंशांचा स्पर्शक सुमारे दीड. म्हणून शेजारची भिंत छत्रीहून ३ मीटर उंच असेल, तर ती त्या दिशेस किमान २ मीटर दूर हवी. ६ मीटर उंच असेल, तर ४ मीटर. नववी-दहावीच्या मुलांनी एक होकायंत्र आणि मोजपट्टी घेऊन हे स्वतः पडताळून पाहावे. छत्रीचा आकार तिरकस असल्यामुळे ती पाहणाऱ्यास कमी वर केलेली भासते, एवढे ध्यानात ठेवावे. मुसळधार पावसात चित्र काही वेळ तुटते. हा दोष मान्य केला पाहिजे.

परंतु पैशांखेरीज आणखी एक लाभ आहे, आणि आम्हांस तो अधिक मोलाचा वाटतो. शिंदेशाहीच्या काळापासून उज्जैनमध्ये मराठी कुटुंबे नांदत आहेत. तेथील केबलवाला बहुसंख्य ग्राहकांकडे पाहून वाहिन्या ठेवणार, हे उघड आहे. त्याला दोष देता येत नाही. छत्रीवर मात्र दूरदर्शनची सह्याद्री वाहिनी उज्जैनला दिसते तशीच ती सातारला दिसते. मार्च २०१९ मध्ये दूरदर्शनची गोवा वाहिनीही या उपग्रहावर आली. आमच्यासारख्या कोंकणी बोलणाऱ्या घरातल्या माणसास दूरच्या मुलखात आईची भाषा कानी पडणे म्हणजे काय, हे ज्यांनी अनुभवले त्यांसच कळेल. खाजगी वाहिन्या येथे लिलावाने जागा घेतात, त्यामुळे त्यांची यादी बदलत राहते. घरातील वडीलधाऱ्यांची आवडती मालिका तेथे असेलच असे नाही. हे आधी विचारून घ्यावे.

तिसरा मार्ग इंटरनेटचा. छत्री आणि इंटरनेट यांतील भेद समजण्यास रामघाटाजवळच्या हरसिद्धी देवीच्या देवळातील दोन दीपमाळा आठवाव्यात. त्या पेटल्या म्हणजे दहा माणसे पाहोत की दहा हजार, तेल तेवढेच जळते. उपग्रहाचे प्रक्षेपण तसे आहे. इंटरनेट मात्र प्रसादासारखे आहे. प्रत्येकाच्या हातावर तो वेगळा द्यावा लागतो, आणि माणसे वाढली की रांग वाढते. २०२८ च्या सिंहस्थात लाखो यात्रेकरूंचे मोबाईल एकाच वेळी बोलू लागले की चित्र अडखळेल. छत्रीवर त्या गर्दीचा काहीही परिणाम व्हावयाचा नाही. उलट, हवा तो कार्यक्रम हव्या त्या वेळी पाहण्याची सोय इंटरनेटवरच आहे. प्रसार भारतीनेही नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातील चित्रपट महोत्सवात 'वेव्हज' नावाची आपली सेवा सुरू केली.

आता हिशेब. छत्रीचे साहित्य बसवणुकीसह २,००० रुपयांस पडले असे धरू. केबलचे ४,२०० वाचले. पहिल्या वर्षी शिल्लक २,२००, पुढे दर वर्षी ४,२००. शिवाय वर्षाला १,५०० रुपयांची एक इंटरनेट-वाहिनी घेतली, तरी दुसऱ्या वर्षापासून २,७०० उरतात. परंतु स्वच्छ चित्रास तासाला सुमारे ३ जीबी डेटा लागतो. रोज दीड जीबी मिळणाऱ्या मोबाईलवर तो अर्ध्या तासात संपेल. म्हणून कोणी केवळ करमणुकीसाठी महिना ४०० रुपयांचे ब्रॉडबँड घेतले, तर वर्षाला ४,८०० जातील, म्हणजे केबलपेक्षा ६०० अधिक! वर तीन-चार वर्गण्यांचा मोह झाला, तर पाहावयासच नको. ब्रॉडबँड अभ्यासासाठी अथवा कामासाठी घरात आधीच असेल, तरच हा मार्ग स्वस्त.

यावरून निष्कर्ष निघतो तो असा: बातम्या, आपल्या भाषेतील कार्यक्रम आणि जुने चित्रपट एवढ्यावर समाधान असणाऱ्या घराने छत्री घ्यावी, घरी ब्रॉडबँड असेल त्याने छत्रीच्या जोडीस फार तर एक वर्गणी ठेवावी, आणि ज्या घरातील वृद्ध आजीचा सारा दिवस केबलवरील एका वाहिनीच्या सोबतीने जातो, त्या घराने चार पैसे वाचविण्यासाठी ती सोबत तोडू नये. केबल सोडताना मागील बाकी चुकती करावी, बॉक्स परत देऊन पावती घ्यावी आणि वर्षानुवर्षे पावसात खांबावर चढून आपली तार जोडणाऱ्या मनुष्याशी गोडीने बोलावे. चोरून चित्रपट दाखविणाऱ्या सेवांच्या वाटेस मुळीच जाऊ नये. ती काटकसर नव्हे.

विद्यार्थिमित्रहो, या महिन्यात आपल्या घरातील मंडळी कोणत्या वाहिन्या खरोखर पाहतात, याची आठ दिवस वहीत नोंद करा, आणि ती वही वडिलांपुढे व आईपुढे ठेवा. काय सोडावे आणि काय ठेवावे, याचा निर्णय सर्वांनी मिळून घ्या.