कल्चरची बाटली कोणासाठी?

मार्च २०२० मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका मोठ्या रुग्णालय-समूहाच्या प्रयोगशाळेपुढे अनपेक्षित अडचण उभी राहिली. तापाने फणफणलेला, धापा टाकणारा रुग्ण आपत्कालीन विभागात आला की त्याचे रक्त कल्चरला, म्हणजे बाटलीत उबवून त्यात जंतू वाढतात का ते पाहायला, पाठवले जाई. अशा कल्चरची संख्या ३४.८ टक्क्यांनी वाढली आणि बाटल्या उबवणाऱ्या स्वयंचलित यंत्रांत जागा उरेना. एरवी बाटली पाच दिवस ठेवतात. पण पॉझिटिव्ह होणाऱ्या बाटल्यांपैकी ९८ टक्के चार दिवसांतच कळतात, असे दिसले. म्हणजे जागेचा प्रश्न सुटण्याजोगा होता. खरा पेच त्या बाटल्यांतून मिळालेल्या उत्तरात होता. २८,०११ रुग्णांच्या ८८,२०१ कल्चरचा हिशेब मांडल्यावर कोविड नसलेल्यांपैकी ८ टक्के रुग्णांच्या रक्तात जंतू वाढलेले आढळले, तर कोविड रुग्णांत हे प्रमाण ३.८ टक्केच होते. त्यातूनही माणसाच्या कातडीवर एरवी राहणारे जंतू वगळले, तर उरले १.६ टक्के. हजार कोविड रुग्ण घेतले तर ३८ जणांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह, त्यांपैकी रक्तात खरा जंतुसंसर्ग सोळा जणांना, आणि उरलेल्या बावीस जणांच्या बाटलीत बहुधा सुईबरोबर कातडीवरून आलेले जंतू. (या बाविसांतल्या एखाद्याला कातडीवरच्या जंतूचाच खरा संसर्ग असू शकतो, विशेषतः शरीरात नळी असेल तर, पण त्याने चित्र फारसे बदलत नाही.)

हे रक्त काढणाऱ्यांच्या हलगर्जीमुळे झाले, असे म्हणणे सोपे आहे. पीपीई किट घालून, दोन-दोन हातमोजे चढवून शीर शोधणे कठीण असते, हेही खरे. पण आकडे वेगळेच सांगतात. कल्चर दूषित होण्याचे प्रमाण ३ टक्क्यांच्या आत असावे, ही प्रयोगशाळांची जुनी मर्यादा. वरच्या हिशेबातले प्रमाण ढोबळमानाने २.२ टक्के, म्हणजे त्या मर्यादेच्या आतच आहे. तरीही निम्म्याहून अधिक पॉझिटिव्ह रिपोर्ट फसवे निघाले, कारण ज्यांची तपासणी झाली त्यांच्यात खरा संसर्गच इतका विरळ होता की नेहमीची, मान्य चूकसुद्धा त्याच्यावर वरचढ ठरली. माझा सगळा मुद्दा इथे आहे. कल्चर ही उत्तम तपासणी आहे, पण तिच्या उत्तराचा अर्थ ती कोणाची केली यावर ठरतो. साथीत प्रत्येकाचे रक्त पाठवले की सावधगिरी वाढल्यासारखे वाटते, प्रत्यक्षात निदान गढूळ होते.

या फसव्या रिपोर्टची किंमत रुग्ण मोजतो. बाटलीत जंतू दिसले की व्हॅन्कोमायसिनसारखे जोरकस औषध सुरू होते, मूत्रपिंडावर लक्ष ठेवावे लागते, पुन्हा कल्चर होते, मुक्काम लांबतो. पलंगांसाठी रांग लागलेली असताना तो वाढीव मुक्काम दुसऱ्या कोणाचा तरी पलंग अडवतो. २०२० मध्ये जगभरच्या अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात, दाखल होतानाच जिवाणूंचाही संसर्ग असलेले कोविड रुग्ण सुमारे ३.५ टक्के होते. अँटिबायोटिक मात्र ७० टक्क्यांहून अधिक जणांना मिळाले.

यावर कॅज्युअल्टीत रात्रपाळी करणारे डॉक्टर विचारतील की एक सेप्सिस, म्हणजे संसर्गाने शरीर ढासळू लागलेला रुग्ण, नजरेतून सुटला तर जीव जातो, मग चार बाटल्या जास्त गेल्या तर काय बिघडले? आक्षेप गंभीर आहे आणि त्याला उत्तर दिलेच पाहिजे. पहिली गोष्ट, ज्याचा रक्तदाब कोसळला आहे त्याच्याबाबत वादच नाही. तिथे कल्चर पाठवायचे आणि अँटिबायोटिक तासाभरात द्यायचे. निवड करायची ती उरलेल्यांत, आणि तिला आधार आहे. बोस्टनमधल्या आपत्कालीन विभागातील रुग्णांवरून २००८ मध्ये एक नियम मांडला गेला. शिरेत आधीपासून असलेली नळी, हृदयाच्या झडपांच्या संसर्गाची शंका किंवा १०३ अंशांच्या वरचा ताप, यांपैकी एक तरी असेल तरच कल्चर पाठवावे. नाहीतर थंडी वाजून हुडहुडी भरणे, उलट्या, वय ६५ च्या वर, प्लेटलेट कमी होणे अशा खुणांपैकी किमान दोन. साथीत यातल्या काही खुणा बोथट होतात. ताप आणि धाप प्रत्येकालाच असते, रक्तातल्या दाहाच्या खुणांपैकी सीआरपी विषाणूमुळेही चढतो, गंभीर कोविडमध्ये प्रोकॅल्सिटोनिनही वाढू शकते. पण दात वाजवणारी हुडहुडी, डायलिसिसची नळी, लघवीच्या त्रासासह कुशीत दुखणे यांचा अर्थ विषाणूच्या लाटेतही तोच राहतो. तो तपासायला यंत्र लागत नाही, रुग्णाजवळ पाच मिनिटे थांबावे लागते. गर्दीत ती पाच मिनिटेच मिळत नाहीत, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच नियम आधी ठरलेला हवा.

दुसरी गोष्ट, ज्याचे पाठवायचे त्याचे नीट पाठवायचे. संसर्ग असतानाही प्रौढाच्या एका मिलिलिटर रक्तात अनेकदा एखाददुसराच जंतू असतो. म्हणून दोन वेगळ्या जागांहून, प्रत्येक जागेचे सुमारे २० मिलिलिटर रक्त घ्यायचे असते. घाईत एकाच हातातून पाच मिलिलिटर घेतले, तर खरा जंतू निसटतो आणि कातडीवरचा आला तर तो ओळखायला दुसरी बाटली नसते. वेळेचेही तसेच. उत्तर अमेरिकेतल्या सात आपत्कालीन विभागांत गंभीर सेप्सिसच्या ३२५ रुग्णांचे कल्चर अँटिबायोटिकच्या आधी आणि नंतरच्या दोन तासांत, असे दोनदा घेतले. आधीच्या नमुन्यांत ३१.४ टक्के पॉझिटिव्ह होते, नंतरच्यांत १९.४. शंभर जणांच्या अर्ध्यामुर्ध्या बाटल्या भरण्यापेक्षा वीस जणांच्या पूर्ण आणि वेळेवर भरल्या, तर सेप्सिस सुटण्याचा धोका कमीच होईल.

भारताचा दाखला देऊन कोणी उलटा युक्तिवाद करील. आयसीएमआरच्या जाळ्यातील दहा रुग्णालयांत १७,५३४ कोविड रुग्णांपैकी ३.६ टक्क्यांना जिवाणू किंवा बुरशीचा संसर्ग झाला आणि त्यांच्यातला मृत्युदर ५६.७ टक्के होता. सगळ्या रुग्णांत तो १०.६ टक्के होता. इतका घातक संसर्ग असताना बाटल्या कमी कशा करायच्या? पण हे नंतरचे, रुग्णालयात जडलेले संसर्ग होते. जंतूही क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर असे, आयसीयूत मुक्काम ठोकणारे. दारात आलेल्या रुग्णाचे कल्चर आठवड्याने होणारा संसर्ग दाखवू शकत नाही. उलट, नव्या रुग्णांच्या पहिल्या दिवशीच्या बाटल्यांनी यंत्रे भरून टाकली तर आठव्या दिवशी अचानक ढासळलेल्या रुग्णाच्या बाटलीला जागा मिळत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात आणखी एक गुंता असतो. टायफॉइड कल्चरमध्ये सापडतो, पण मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टो या नेहमीच्या बाटलीत दिसत नाहीत, त्यांच्या तपासण्या वेगळ्या. निगेटिव्ह कल्चर म्हणजे तापाचे कारण संपले, असे होत नाही.

नवी रेणवीय तपासणी हा प्रश्न सोडवील, अशीही आशा असते. ती तासाभरात जंतूचे नाव आणि औषध-प्रतिकाराची जनुके सांगते, हे मोलाचे आहे. पण बहुतेक ठिकाणी ती पॉझिटिव्ह झालेल्या बाटलीवरच केली जाते, आणि कातडीवरचा जंतू बाटलीत शिरला असेल तर ती त्याचेच नाव जलद सांगेल.

जुलै २०२४ मध्ये अमेरिकेत कल्चरच्या बाटल्यांचाच तुटवडा पडला, तेव्हा सीडीसी या तिथल्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने रुग्णालयांना हेच सांगितले: अनावश्यक कल्चर टाळा, बाटलीत पुरेसे रक्त भरा, नमुना दूषित होऊ देऊ नका. तुटवड्यात जे करता येते ते साथीच्या पहिल्या आठवड्यातही करता येईल. कल्चर कोणाचे घ्यायचे, दुसरा नमुना कोण घेणार आणि ४८ तासांनी निगेटिव्ह रिपोर्ट वाचून अँटिबायोटिक थांबवण्याचा अधिकार कोणाचा, हे नावासकट आधी लिहून ठेवले असेल तर. यातला शेवटचा अधिकार सर्वांत दुर्लक्षित आहे. तो कोणाकडेच नसला की निगेटिव्ह रिपोर्ट फाइलमध्ये पडून राहतो आणि औषध सात दिवस चालू राहते.