ट्रंकेतील एस्कुदोचे मोल

तेरेखोलच्या किल्ल्यावरून दक्षिणेस पाहिले तर नदीपलीकडे केरी दिसते, आणि पाठीशी महाराष्ट्रातील रेडी. १९६१ सालापर्यंत येथे चार पावलांच्या अंतरावर दोन देशांची नाणी चालत. अशा सीमेवरील घरांत एखाद्या जुन्या ट्रंकेच्या तळाशी बांकु नासियोनाल उल्त्रामारिनु या पोर्तुगीज बँकेच्या नोटा सापडाव्या, यात नवल नाही. नवल आहे ते पुढच्या प्रश्नात: हिचे काही येईल काय?

प्रथम नोट कोणती ते पाहावे. 'रुपिया' असेल तर ती आधीची. २९ नोव्हेंबर १९४५ ही तारीख असलेल्या नोटा त्यांतल्याच. 'एस्कुदो' असेल तर तारीख २ जानेवारी १९५९ आढळेल. तीस, साठ, तीनशे, सहाशे हे आकडे विचित्र वाटतात. परंतु एका रुपियाचे सहा एस्कुदो ठरले होते, म्हणजे तीस एस्कुदो हे जुने पाच रुपियेच. (शंभर व हजार यांचा मात्र सहाशी मेळ बसत नाही!) गोवामुक्तीनंतर ह्या नोटा चलनातून गेल्या. म्हणजे एस्कुदोच्या नोटेचे आयुष्य अवघे तीन वर्षांचे.

तरीही जुनी म्हणजे मौल्यवान, हा समज सोडलेला बरा. संग्राहक दोन गोष्टी पाहतो: तशा नोटा किती उरल्या आहेत, आणि हातातली कशी उरली आहे. मोठ्या रकमेची नोट कोणी ट्रंकेत विसरत नसे, ती बदलून घेई. म्हणून साधारणतः मोठी नोट दुर्मिळ. घडी, डाग, टाचणीचे भोक, किनाऱ्यावरील दमट हवेतील बुरशी, यांपैकी प्रत्येक गोष्ट किंमत उतरवते. नोट धुऊ नये, इस्त्री करू नये, चिकटपट्टी तर मुळीच लावू नये. मायेने केलेली ही दुरुस्तीच तिचा सर्वाधिक घात करते.

किंमत जाणायची तर विक्रेत्याने सांगितलेला आकडा पाहू नये. लिलावात तशाच स्थितीतील नोट प्रत्यक्ष कितीला गेली ते पाहावे. निदान दोन जाणत्या नाणेव्यापाऱ्यांना दाखवावी. व्यापारी लिलावाच्या भावापेक्षा कमी देईल, कारण त्यालाही ती विकायची असते.

आणि जो कोणी नोट घेण्यापूर्वीच 'कमिशन' वा 'कर' मागेल, त्याला दारातूनच परत पाठवावे. रिझर्व्ह बँकेच्या नावाने व बोधचिन्हाने असे पैसे उकळले जात होते. आपण जुन्या नोटांचा व्यवहार करीत नाही व कोणास तसा अधिकारही दिलेला नाही, असे बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले. '७८६' आकड्याच्या नोटेचे लाखो मिळतात, ही आवईही याच जातीची.

त्याच ट्रंकेत २०१६ साली रद्द झालेल्या पाचशे-हजाराच्या नोटा निघाल्या तर मात्र मोजाव्या. २०१७ च्या कायद्याने अशा नोटा दहापेक्षा अधिक बाळगता येत नाहीत. अभ्यास, संशोधन वा संग्रहासाठी मर्यादा पंचवीस.